अस्तनीत

मंगळवारी दुपारी चारला वीज गेली.
आधी फ्रिजची गुरगुर थांबली, मग भट्टीचा पंखा,
मग हेल्मीच्या खोलीतला तो तांबडा बल्ब
जो तीन वर्षं माझ्या बिलात जळतोय.

सरोवरावरून बर्फ येत होता, ओला, आडवा.
स्प्रूसच्या फांद्या तारांवर रेलून बसलेल्या.
एकतीस वर्षं मी याच रस्त्यांवरून बर्फ ढकलला;
‘संध्याकाळपर्यंत येईल’ म्हणजे गुरुवार,
एवढं मला कळतं.

फ्रिजवर लेकीचा कागद.
‘वीज गेली तर:
खायला घालू नको, गार पोटात उंदीर सडतो.
बाटलीत गरम पाणी, बाटलीला टॉवेल,
टॉवेलाच्या बाहेर साप.
काच रजईने झाक. तासातासाला आकडा बघ.
कोळशाची शेगडी घरात नको, बाबा,
तो धूर दिसत नाही.’
आणि तळाशी, दुसऱ्या पेनाने:
‘काहीच नसेल तर अंगाशी धर.’

ती नोव्हेंबरभर बोटीवर. लोहखनिज, डुलुथ,
फोनला रेंज नाही.
इथे मी, आणि बिशप, आणि पेनी.
बिशप अजगराच्या जातीचा, जाड, लाजाळू,
भ्याला की स्वतःचाच चेंडू करतो.
पेनी तांब्याच्या नाण्यासारखी; आमच्या खाणी बंद पडल्या
तेव्हा जो रंग गावातून गेला, तो तिच्याकडे आहे.

अठ्ठावन्न अंश. मग पंचावन्न.
काडी ओढून गॅस पेटवला, पाणी तापवलं,
बाटल्या भरल्या, बाटल्या निवल्या,
पुन्हा भरल्या.
रात्री दोनला एक्कावन्न.
पेनीला उचललं तर हातात पट्टा धरल्यासारखं.
जीभ बाहेर आली, आत जायला विसरली.

काहीच नसेल तर.

मी फ्लॅनेलच्या शर्टाचं बटण काढलं.
ती मनगटाशी थांबली, मग कोपरापर्यंत गेली,
हळू, एखादी गार तार ओढून घ्यावी तशी.
अस्तनीत साप,
आणि निखारा, म्हणे, मीच.
बासष्ट वर्षांत मला कोणी
एवढ्या कामाचं धरलं नव्हतं.

बुधवारी उजाडल्यावर अक्कल आली.
मागच्या अंगणात सौना आहे, लाकडावरचा,
बायको गेल्यापासून पेटवला नव्हता.
दोनच ओंडके, दार फटीएवढं उघडं,
ब्याऐंशीवर काटा आणला आणि तिथेच राखला.
साप खालच्या बाकावर, गाठ मारलेल्या अभ्र्यांत.
मी वरच्या, कोट घालून.
आमच्या आजोबांनी पाहिलं असतं
तर मला घराण्यातून काढलं असतं.

धूर बघून ऑडील बोशां आली, शेजारची,
एकोणऐंशीची, दोन्ही हातांत एकेक काठी.
‘माझी चूल मेली,’ म्हणाली, आणि बसली.
‘त्यात काय आहे?’
‘धुण्याचे कपडे.’
कपड्यांनी कूस बदलली.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी ओंडक्याकडे.
खूप वेळाने म्हणाली, चावतात का?
म्हटलं, मलाही कालपर्यंत माहीत नव्हतं.
ती उठली नाही.
फक्त पाय बाकावर घेतले,
आणि थोड्या वेळाने, आपलं काही नाही अशा आवाजात,
‘त्या जाड्याला बाटली लागतेय का बघ,
अभ्रा एका बाजूने गार आहे.’

शुक्रवारी फोन लागला.
हेल्मीने आधी बिशपचं विचारलं, मग पेनीचं,
मग गॅसच्या बिलामागे लिहिलेले माझे आकडे
मी वाचून दाखवले, सगळे, तासातासाचे.
ती गप्प.
मागे बोटीचं इंजिन.
‘बाबा, तू झोपलास का?’

बल्ब केव्हाच लागला होता.
पेनी काचेच्या आत आहे, दगडाखाली, तिच्या जागी.
डावा हात अजून जरा वेगळाच धरतो मी,
कोणी असल्यासारखा.